बोलता येईल इतकेच

पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाने धावू नये, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. पण पारनेरच्या लोकांच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ वाचता येते. पहाटे साडेपाचला मी सुप्याच्या रस्त्याने धावत निघालो की दूध घालायला चाललेली मंडळी मोटारसायकल हळू करून विचारतात, "काय सर, सगळं ठीक ना?" पळणाऱ्या प्रौढ माणसाची एक तर एस.टी. चुकलेली असते, नाही तर घरात काही अनर्थ झालेला असतो, असा आमच्याकडे समज आहे.

अनर्थ नव्हता, पण चाहूल होती. गेल्या पौषात डॉक्टरांनी रक्ततपासणीचा कागद पुढे सरकवला आणि साखरेच्या आकड्याभोवती तांबडे वर्तुळ काढले. वीस वर्षे उत्तरपत्रिकांवर तांबडी शाई चालवणाऱ्या मला ते वर्तुळ फार लागले. माझे वडील याच दुखण्याने गेले. त्याच आठवड्यात मी बूट घेतले आणि येत्या माघात एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी करणार, असे घरी जाहीर करून मोकळा झालो. पत्नी म्हणाली, "आधी दळण आणा."

सुरुवात मी नवशिक्याच्या रीतीने केली, म्हणजे जीव तोडून. तीन आठवड्यांत दम जरा वाढला, आणि नेमक्या त्याच वेळी नडग्या ठणकू लागल्या. रस्त्याच्या कडेला पाय चोळत बसलो असताना भरतीच्या पोरांतला एक जण थांबला. माझाच जुना विद्यार्थी. मराठीच्या पेपरात मी त्याला दोनदा नापास केले होते.

"सर, लई जोरात पळता तुम्ही. दम लवकर वाढतो, पण हाडं अन् शिरा मागनं तयार होतात. त्यांना महिने लागतात. पळताना बोलता आलं पाहिजे. ओवी म्हणत पळा. ओवी तुटली की चाल कमी करा."

ज्ञानेश्वरी वर्गात शिकवणाऱ्याला तिचा हा उपयोग ठाऊक नव्हता! तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस थोडे आणि रविवारी लांब, तेही किलोमीटरभराने वाढवत, असा क्रम आहे. आता चौदापर्यंत आलो आहे.

लांब पल्ल्याची ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून सर दोराबजी टाटांनी १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला संघ पाठवण्याची खटपट केली. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले, विजेत्यापेक्षा अवघी अठरा मिनिटे मागे. आणि आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातले अविनाश साबळे! सैन्यात गेल्यावर ते धावपटू झाले आणि २०२० साली दिल्लीत त्यांनी माझे ते एकवीस किलोमीटर १ तास ३० सेकंदांत संपवले. तेवढ्या वेळात मी सात करतो.

पण मला विचार करायला लावतो तो माझा विद्यार्थी. मी धावतो तो साखरेसाठी. उद्या पाय मोडला तरी पगार चालू राहील. त्याला पोलीस भरतीत १६०० मीटर धावायचे आहेत. पन्नासांपैकी वीस गुण त्या एका धावेचे, आणि पुरे वीस हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत. वयाची अट पाहता ही त्याची शेवटची संधी. परवा मी घड्याळ धरले. ५ मिनिटे २६ सेकंद. आकडा सांगताना माझाच आवाज उतरला, तो मात्र बूट सोडत म्हणाला, "गेल्या महिन्यात चौतीस होते."

लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते. म्हणून आम्ही एक करार केला आहे. रविवारी तो माझ्या चालीने, म्हणजे त्याच्या हिशेबी रांगत, सोबत येतो आणि मी त्याला समास, प्रयोग, विभक्ती सांगतो. गेल्या रविवारी चढ लागला. बाजरीच्या कापलेल्या रानावर ऊन येत होते. तो सहज म्हणाला, "सर, 'मुलाने शर्यत जिंकली', कर्मणी ना?"

बोलण्याइतका दम मला उरला नव्हता. मी नुसती मान हलवली.