कापसाची धूळ

रविवारची सुट्टी उपभोगून सोमवारी गिरणीच्या कार्डिंग खात्यात पाऊल टाकताच छातीवर दडपण यावे आणि आठवडा सरता सरता ते काहीसे ओसरावे, हे ज्या व्याधीचे प्रथम लक्षण, तिला वैद्यकशास्त्र बिसिनोसिस म्हणते. कापसाच्या धुळीतील जंतुजन्य विषांनी श्वासनलिका आकुंचन पावतात, आणि आरंभी धुळीपासून दूर होताच मावळणारी ही पीडा वर्षानुवर्षांच्या उपेक्षेने फुप्फुसांत कायमची ठाण मांडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १४ व्या कलमाने धूळ श्वासात जाऊ नये अशी परिणामकारक तजवीज करण्याचा, आणि शोषक यंत्र आवश्यक असल्यास ते धुळीच्या उगमाशी शक्य तितके निकट बसविण्याचा दंडक घालून दिला. तेव्हा मजुराच्या तोंडावर फडके बांधवून मालकाने जबाबदारीतून मोकळे होणे हा आमच्या मते उघड अन्याय होय. गिरणगावचे भोंगे थांबले, परंतु खानदेश-विदर्भातील जिनिंग कारखान्यांत तीच धूळ हंगामी मजुरांच्या, त्यांतही स्त्रियांच्या, वाट्यास येते, आणि हंगाम सरल्यावर त्यांच्या खोकल्याची नोंद कारखान्याच्या दप्तरी राहणार कशी? म्हणून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दम लागून आलेल्या प्रत्येक रुग्णास त्याचा व्यवसाय विचारून तो केसपेपरवर लिहिण्याची सक्ती सरकारने येत्या हंगामापूर्वीच करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.