दोन पदव्या, एक परवाना

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना ऑक्टोबर २०२० मध्ये करोनाची लागण झाली, तेव्हा त्यांच्या प्रकृतीची माहिती देण्यासाठी व्हाइट हाऊसचे वैद्य डॉ. शॉन कॉन्ली पत्रकारांसमोर आले. त्यांनी दिलेल्या माहितीच्या अपुरेपणावर टीका होणे स्वाभाविक होते. मात्र चर्चा तेथेच थांबली नाही. कॉन्ली यांच्या नावापुढे ‘एम.डी.’ नसून ‘डी.ओ.’ अशी अक्षरे आहेत, हे हेरून ‘हा खरा डॉक्टर आहे का?’ असा प्रश्नही जाहीरपणे विचारला गेला. पुढे जो बायडेन यांनी नेमलेले डॉ. केव्हिन ओकॉनर हेही डी.ओ.च निघाले आणि ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकीर्दीतील वैद्य डॉ. शॉन बार्बाबेला यांची पदवीही तीच आहे. जगातील सर्वाधिक सुरक्षित रुग्णाची नाडी ज्यांच्या हाती लागोपाठ तीनदा सोपवली गेली, त्यांच्या पदवीविषयी शंका उरावी, यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

भारतीय वाचकाने आरंभीच दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. आपल्याकडे एम.डी. ही एम.बी.बी.एस.नंतरची पदव्युत्तर पदवी आहे. अमेरिकेत मात्र ती वैद्यकाची पहिलीच पदवी असते. डी.ओ., म्हणजे ‘डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन’, ही तिला समांतर असलेली दुसरी पदवी. दुसरे असे की, ब्रिटनमधील ‘ऑस्टिओपॅथ’ आणि अमेरिकेतील डी.ओ. यांचा व्यवसाय एक नव्हे. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथना मान्यता मिळाली असली, तरी ते हाताने उपचार करतात, औषधे लिहून देत नाहीत. अमेरिकी डी.ओ. औषधे देतो, शस्त्रक्रिया करतो आणि अतिदक्षता विभागही सांभाळतो.

हाडवैद्यापासून डॉक्टरापर्यंत

या पद्धतीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८-१९१७) हे अमेरिकी सीमाप्रदेशातील वैद्य. १८६४ मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली आणि तत्कालीन वैद्यकावरील त्यांचा विश्वास उडाला. तो काळ पारा, अफू आणि रेचके यांचा होता. औषधाने बरे होण्यापेक्षा अपाय होण्याचीच भीती अधिक असे. शरीराची रचना, विशेषतः पाठीचा कणा व सांधे सुस्थितीत असतील, तर शरीर स्वतःच रोगाशी झुंजते, असा सिद्धान्त स्टिल यांनी १८७४ मध्ये मांडला. काही काळ गावोगाव हाडवैद्य म्हणून फिरल्यानंतर त्यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले ऑस्टिओपॅथी विद्यालय काढले. औषधांना त्यात जवळजवळ स्थान नव्हते.

हा सिद्धान्त जसाच्या तसा टिकला असता, तर ऑस्टिओपॅथी आज एखाद्या कडेच्या पंथासारखी उरली असती. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेतली, तेव्हा ऑस्टिओपॅथी विद्यालयांवरही कठोर ताशेरे ओढले. त्यानंतरची वाटचाल हा सावकाश झालेल्या शरणागतीचा आणि त्याच वेळी विजयाचाही इतिहास आहे. १९२९ मध्ये औषधशास्त्राला अभ्यासक्रमात अधिकृत प्रवेश मिळाला. प्रयोगशाळा आल्या, रुग्णालये आली. तरीही अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही बलाढ्य संघटना डी.ओ.ना ‘पंथवाले’ ठरवून त्यांच्याशी व्यावसायिक संबंध ठेवणे अनैतिक मानत राहिली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलाची दारे त्यांना बंदच होती. परिणाम उलटाच झाला. एम.डी. डॉक्टर आघाडीवर गेले आणि मागे उरलेल्या डी.ओ.नी गावोगावचे रुग्ण सांभाळले.

पासष्ट डॉलरची पदवी

या संघर्षातील सर्वांत बोलका प्रसंग कॅलिफोर्नियातला. तेथे दोन्ही व्यवसायांच्या संघटनांनी १९६१ मध्ये विलीनीकरणाचा करार केला. लॉस एंजेलिसमधील ऑस्टिओपॅथी महाविद्यालय एम.डी. महाविद्यालय झाले, तर सुमारे दोन हजार डी.ओ.ना अल्पसे चर्चासत्र आणि पासष्ट डॉलर शुल्क यांच्या मोबदल्यात एम.डी. ही पदवी बहाल करण्यात आली. १९६२ मध्ये सार्वमताने नवे डी.ओ. परवाने बंद झाले. समांतर व्यवसाय गिळून टाकण्याचा हा डाव होता. प्रत्यक्षात त्याने उलट गोष्टच सिद्ध केली. काल ‘पंथवाला’ असलेला माणूस पासष्ट डॉलर भरून आज डॉक्टर होत असेल, तर तो काल काय होता? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. १९६६ मध्ये लष्कराने डी.ओ.ना वैद्यकीय दलात प्रवेश दिला, १९६९ मध्ये मेडिकल असोसिएशनने सदस्यत्व खुले केले, १९७३ मध्ये मिसिसिपी या अखेरच्या राज्याने पूर्ण व्यवसायाधिकार मान्य केला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने परवान्यांवरील बंदी उठवली.

आज फरक किती?

आज दोन्ही शाखांचे विद्यार्थी प्रवेशासाठी एकच पात्रता परीक्षा देतात, चार वर्षे वैद्यक शिकतात आणि मग रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून उमेदवारी करतात. २०२० पासून या निवासी प्रशिक्षणाची मान्यताही एकाच छत्राखाली आली आहे. डी.ओ. विद्यार्थ्यांना हस्तोपचारांचे सुमारे दोनशे तासांचे जादा शिक्षण घ्यावे लागते आणि त्यांची परवाना परीक्षा वेगळी असते. अमेरिकेतील डॉक्टरांत डी.ओ.चे प्रमाण अकरा टक्क्यांच्या आसपास असले, तरी वैद्यकीय विद्यार्थ्यांत ते पंचवीस टक्क्यांहून अधिक आहे. त्यातले निम्म्याहून अधिक प्राथमिक वैद्यकसेवेकडे वळतात, ही डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या ग्रामीण अमेरिकेसाठी मोलाची बाब आहे.

गुणवत्तेच्या प्रश्नाला २०२३ मध्ये ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधील अभ्यासाने बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर दिले. रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे ३ लाख ३० हजार वृद्ध रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण एम.डी.च्या रुग्णांत ९.४ टक्के, तर डी.ओ.च्या रुग्णांत ९.५ टक्के आढळले. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण आणि खर्चही जवळपास सारखाच होता.

याचा अर्थ सारे आलबेल आहे, असा नव्हे. अनेक डी.ओ. महाविद्यालयांना स्वतःचे मोठे रुग्णालय नसते, संशोधनाचा निधी तुटपुंजा असतो आणि मागणी जास्त असलेल्या विशेष शाखांमध्ये एम.डी. विद्यार्थ्यांना झुकते माप मिळते. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय, आणि त्यात मराठी, कुटुंबांतील मुलांपुढे ही निवड आली, की ‘दुय्यम पदवी’ची कुजबुज घरातच सुरू होते.

खरी अडचण मात्र ज्या वैशिष्ट्यावर ही शाखा उभी राहिली, त्याच्याशीच निगडित आहे. १९९९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधील चाचणीत कंबरदुखीच्या रुग्णांना हस्तोपचारांनी प्रचलित उपचारांइतकाच आराम पडला आणि औषधे कमी लागली. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चारशे रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत खऱ्या व लटक्या हस्तोपचारांतील फरक नगण्य ठरला. कवटीच्या हाडांवरील उपचारांना तर भक्कम पुरावाच नाही. खुद्द डी.ओ.ही हे जाणून असावेत. २००१ मधील एका पाहणीत निम्म्याहून अधिक डी.ओ. हे उपचार पाच टक्क्यांहूनही कमी रुग्णांवर करत असल्याचे आढळले होते. थोडक्यात, ज्या प्रमाणात स्टिल यांचा सिद्धान्त मागे पडला, त्याच प्रमाणात त्यांच्या वारसांची प्रतिष्ठा वाढली.

महाराष्ट्राला या इतिहासात रस असायला हवा. एक वर्षाचा औषधशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना अॅलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा देणारी कायदादुरुस्ती राज्याने २०१४ मध्ये केली. त्यांच्या वैद्यक परिषदेतील नोंदणीवरून २०२५ मध्ये वाद पेटला आणि सप्टेंबरमध्ये डॉक्टरांनी संपही केला. ग्रामीण भागात डॉक्टर नाहीत, हे एका बाजूचे म्हणणे खरे. अपुऱ्या प्रशिक्षणाची किंमत रुग्ण मोजतो, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खरे. अमेरिकी अनुभव दोघांनाही अडचणीचा आहे. समांतर शाखेचे डॉक्टर कायमचे दुय्यम राहतात, हा समज तो खोटा ठरवतो. मात्र पूर्ण शिक्षणाला एका प्रमाणपत्राचा पर्याय असू शकतो, या समजालाही तो आधार देत नाही. कॅलिफोर्नियातील पासष्ट डॉलरची पदवी पचली, कारण तिच्या आधी कित्येक वर्षांचे पूर्ण वैद्यकीय शिक्षण आणि रुग्णालयातील अनुभव होता.

डी.ओ.ना बरोबरी मिळाली ती एखाद्या अधिसूचनेने नव्हे, तर अभ्यासक्रम, परीक्षा, निवासी प्रशिक्षण आणि अखेर रुग्णांच्या नोंदी यांच्या कसोटीवर उतरल्यानंतर. नावापुढे कोणती अक्षरे आहेत, यापेक्षा त्या अक्षरांमागे किती वर्षांची उमेदवारी आहे, हाच रुग्णाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. तो टाळून केवळ अधिकारांची वाटणी करणारी कोणतीही तडजोड डॉक्टरांच्या संघटनांना कदाचित शांत करील. रुग्णाला सुरक्षित करणार नाही.