निदानाची खरी परीक्षा

तुमसर तालुक्यातील चिखला हे मँगनीजच्या भूमिगत खाणीचं गाव. समजा, तिथे अनेक वर्षे राबलेल्या कामगाराची चाल मंदावली, चेहरा भावहीन दिसू लागला, बोलणं अडखळू लागलं. घरचे म्हणतात, वय झालं. एक डॉक्टर म्हणतो, कंपवात. दुसरा म्हणतो, खाणीतल्या धुळीचा परिणाम. तिन्ही उत्तरं लक्षणांशी जुळतात. मग खरं कोणतं?

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने आयुष्यभर याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९०२ साली व्हिएन्नात जन्मलेल्या पॉपर यांनी तरुणपणी मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांच्याबरोबर काम केलं. एका मुलाची हकिगत त्यांनी आडलरना सांगितली. मुलाला न पाहताच आडलरनी ती न्यूनगंडाच्या सिद्धांतात बसवली. इतकी खात्री कशी, असं विचारल्यावर त्यांनी हजारो रुग्णांच्या अनुभवाचा हवाला दिला. पॉपरना शंका आली: आधीचे हजारो अनुभवही असेच बसवलेले नसतील कशावरून?

यातूनच त्यांचा १९३४ चा ग्रंथ उभा राहिला. ज्यू वंशाच्या पॉपरना १९३७ मध्ये देश सोडून न्यूझीलंडला जावं लागलं. १९४६ पासून ते लंडनमध्ये शिकवू लागले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. पुरावे जुळवणं अवघड नसतं. जो दावा चुकीचा ठरण्याचा धोका पत्करतो, तोच वैज्ञानिक.

महाराष्ट्रात जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाला हाच धोका पत्करायला लावला. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद, हे ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या. सरासरी यश सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं तेवढंच.

हीच कसोटी त्या खाणकामगाराच्या निदानालाही लावायला हवी. मँगनीजच्या भुकटीत काम करणाऱ्यांना असा आजार होतो, हे स्कॉटलंडमधल्या जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच नोंदवलं होतं. कंपवात सहसा एका बाजूने सुरू होतो, स्वस्थ बसल्यावर हात थरथरतो आणि लेव्होडोपा या औषधाने स्पष्ट आराम पडतो. मँगनीजच्या विषबाधेत बहुधा दोन्ही बाजू सारख्याच बिघडतात, मागे चालताना रुग्ण पडतो आणि त्या औषधाचा फारसा टिकाऊ उपयोग होत नाही. म्हणजे दोन्ही निदानं खोटी ठरू शकतात. ‘वय झालं’ हे मात्र कधीच खोटं ठरत नाही. म्हणूनच ते निदान नव्हे.

पॉपर यांचे टीकाकार म्हणतात, एका विसंगतीने शास्त्रज्ञ सिद्धांत टाकून देत नाहीत. बरोबर आहे. औषध लागू पडलं नाही, तर मात्राही कमी असू शकते. पण मात्रा वाढवूनही गुण आला नाही, तर हट्ट सोडायलाच हवा.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. केसपेपरवर वयाशेजारी रुग्णाचा व्यवसाय आणि कामाची वर्षे लिहिली, तरी दुसरी शक्यता डोळ्यांसमोर राहते. नातेवाइकांनीही एक प्रश्न निःसंकोच विचारावा: ‘डॉक्टर, हे निदान चुकीचं असेल, तर ते आपल्याला कशावरून कळेल?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.