खुर्ची मिळाली, भाषेचे काय?

संस्कृतातील द्विवचन मराठीने केव्हाच टाकून दिले. एकवचन आणि अनेकवचन एवढ्यावर आपला व्यवहार चालतो. ‘आम्ही दोघे’ यासाठी सर्वनामाचे आणि क्रियापदाचे स्वतंत्र रूप जपणाऱ्या भाषा आज जगात थोड्याच उरल्या आहेत. त्यांपैकी एक पूर्व जर्मनीत पोलंड व चेक प्रजासत्ताकाच्या सीमेलगत बोलली जाते. तिचे नाव सोर्ब. जर्मन भाषेच्या महासागरात चौदाशे वर्षे टिकून राहिलेल्या या स्लाव्ह समाजाची संख्या आज साधारण साठ हजार सांगितली जाते. या एवढ्याशा समाजातील एक यंत्र-अभियंता 2008 मध्ये सॅक्सनी राज्याच्या सर्वोच्च पदी बसला आणि साडेनऊ वर्षे तेथे राहिला. स्टानिस्लाव टिलिख हे त्याचे नाव. एखाद्या लहान भाषिक समाजाला सत्तापदाने काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे.

दोन राजवटी, एक परंपरा

टिलिख यांचा जन्म 10 एप्रिल 1959 चा, कामेन्झजवळच्या नोयडोर्फेल या खेड्यातला. कामेन्झ, बाउत्सेन आणि होयर्सवेर्डा या तीन गावांमधील कॅथलिक खेड्यांत सोर्ब भाषा आजही अंगणात आणि चर्चमध्ये सहजपणे ऐकू येते. येथे धर्म आणि भाषा यांची वीण एकच आहे. ईस्टरच्या रविवारी काळा कोट आणि उंच टोपी घातलेले शेकडो घोडेस्वार सोर्ब स्तोत्रे गात एका गावातून दुसऱ्या गावात जातात. ही परंपरा शतकानुशतके चालत आलेली आहे.

या परंपरेवर दोन राजवटींनी दोन प्रकारांनी आघात केले. नाझी राजवटीने 1937 मध्ये ‘डोमोविना’ या 1912 पासूनच्या सोर्ब संघटनेचे कार्य बंद पाडले, सार्वजनिक जीवनातून भाषा हद्दपार केली आणि सोर्ब शिक्षकांना व धर्मगुरूंना दूरच्या प्रदेशांत पाठविले. 1945 नंतर आलेल्या साम्यवादी राजवटीने नेमके उलटे केले. 1948 मध्ये कायद्याने हक्क दिले, शाळा, प्रकाशनगृह व रंगभूमी यांना अनुदान दिले. मात्र त्याची किंमत म्हणून पक्षनिष्ठा मागितली. त्याच वेळी वीजनिर्मितीसाठी तपकिरी कोळशाच्या प्रचंड खाणी उघडल्या. एका हाताने अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने भाषा बोलणारे गावच उकरून काढायचे, असा तो व्यवहार होता. विसाव्या शतकात या खाणींनी लाउझित्स प्रदेशातील शंभराहून अधिक वस्त्या पूर्णतः वा अंशतः गिळल्या.

अशा काळात टिलिख बाउत्सेनच्या सोर्ब माध्यमाच्या विद्यालयातून 1977 मध्ये उत्तीर्ण झाले. पुढे ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात यंत्ररचना व गिअरतंत्र यांचे शिक्षण घेऊन 1984 मध्ये अभियंता झाले आणि काही वर्षे त्यांनी एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात आरेखनाचे काम केले. मायबोलीतून शिकल्याने तांत्रिक शिक्षणाची वाट बंद होते, या समजाला हे उत्तर पुरेसे आहे.

कारखान्यातून राजकारणात

1987 मध्ये त्यांनी ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनमध्ये प्रवेश केला. पूर्व जर्मनीतील हा पक्ष तेव्हा स्वतंत्र विरोधी पक्ष नव्हता; साम्यवादी पक्षाच्या छत्राखाली चालणारा तो एक सहकारी पक्ष होता. त्याच वर्षी ते कामेन्झच्या जिल्हा प्रशासनात गेले आणि 1989 मध्ये तेथे व्यापार व पुरवठा विभाग सांभाळणारे परिषदेचे उपाध्यक्ष झाले. भिंत कोसळल्यावर मार्च 1990 मध्ये झालेल्या पहिल्या मुक्त निवडणुकीत ते पूर्व जर्मन संसदेवर निवडून आले.

या पूर्वायुष्याची सावली पुढे त्यांच्या पाठीमागे राहिली. मुख्यमंत्री झाल्यावर काही महिन्यांतच, जुन्या राजवटीतील पदांची माहिती त्यांनी अधिकृत परिचयात पुरेशी स्पष्ट दिली नव्हती, असा आक्षेप आला. ही टीका गैर म्हणता येत नाही. हुकूमशाहीत जगलेल्या माणसाला प्रत्येक पावलाचा जाब विचारणे बाहेरच्यांना सोपे असते हे खरे. परंतु लोकांसमोर उभे राहताना स्वतःचा इतिहास स्वतःच पूर्णपणे मांडणे, हे सार्वजनिक जीवनाचे पहिले पथ्य आहे. त्यात टिलिख कमी पडले.

कर्तृत्वात मात्र ते कमी पडले नाहीत. 1994 ते 1999 या काळात युरोपीय संसदेत त्यांनी अर्थसंकल्पाचा अभ्यास केला आणि 1998 च्या अर्थसंकल्पाचे ते मुख्य प्रतिवेदक झाले. 1999 पासून सॅक्सनीच्या मंत्रिमंडळात युरोपीय व्यवहार, पर्यावरण व कृषी आणि शेवटी अर्थ अशी खाती त्यांनी सांभाळली. राज्याच्या मालकीची सॅक्सन बँक अमेरिकी गृहकर्जांच्या घोटाळ्यात बुडू लागली तेव्हा ती विकावी लागली आणि राज्याला 2.75 अब्ज युरोंची हमी द्यावी लागली. या प्रकरणात मुख्यमंत्री गेओर्ग मिल्ब्राट पायउतार झाले आणि 28 मे 2008 रोजी टिलिख त्यांच्या जागी आले.

त्यांच्या आधीचे दोन्ही मुख्यमंत्री पश्चिम जर्मनीतून आले होते. एकीकरणानंतर अठरा वर्षांनी सॅक्सनीला प्रथमच सॅक्सनीत जन्मलेला नेता मिळाला आणि तो सोर्ब होता. आपले मूळ त्यांनी कधी लपविले नाही. चाळीस लाखांच्या राज्यातील जर्मन मतदारांनी 2009 आणि 2014 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील पक्षालाच पहिला क्रमांक दिला. आपली भाषा उराशी धरून संपूर्ण राज्याचा विश्वास मिळविता येतो, याचा हा पुरावा होय.

सतरा मुलांचा प्रश्न

परंतु गौरवाच्या या कथेला दुसरी बाजू आहे. 2001 मध्ये सोर्बांच्या क्रोस्टविट्झ गावातील माध्यमिक शाळेत पाचवीच्या वर्गासाठी सतरा मुले आली. नियमानुसार वीस हवी होती. सॅक्सनी सरकारने वर्ग नाकारला. पालक रस्त्यावर आले, निवृत्त शिक्षकांच्या मदतीने काही आठवडे विनापरवाना वर्ग चालविला गेला; तरीही अखेर 2003 मध्ये शाळा बंद झाली. त्या वेळी टिलिख याच सरकारात मंत्री होते. शिक्षण खाते त्यांच्याकडे नव्हते हे मान्य. पण सोर्ब मंत्री असूनही सोर्ब शाळा वाचली नाही, ही नोंद पुसता येत नाही.

सतरा आणि वीस यांतील अंतर तीन मुलांचे. मोठ्या समाजाच्या दृष्टीने हा पटसंख्येचा साधा हिशेब आहे; मुले शेजारच्या शाळेत जातील आणि प्रश्न संपेल. साठ हजारांच्या समाजासाठी मात्र शाळा म्हणजे भाषेचे गर्भगृह असते. ते एकदा बंद झाले की पुढची पिढी घरात कळणारी, परंतु लिहिता न येणारी भाषा घेऊन वाढते.

हिशेबाच्या शिस्तीवर टिलिख यांचा अढळ विश्वास होता. 2013 मध्ये नवे कर्ज काढण्यास बंदी घालणारी तरतूद त्यांच्या कारकिर्दीत राज्यघटनेत आली. जर्मनीतील सर्वांत कमी कर्जाच्या राज्यांत सॅक्सनीची गणना झाली. त्याच काटकसरीतून पुढे शिक्षकांची आणि पोलिसांची टंचाई निर्माण झाली, अशी टीका त्यांच्यावर झाली. 2014 च्या अखेरीपासून ड्रेस्डेनच्या रस्त्यांवर स्थलांतरितांच्या प्रश्नावरून मोर्चे निघू लागले. राज्यात असंतोष साचत होता. सप्टेंबर 2017 च्या संसदीय निवडणुकीत ‘आल्टरनाटिव्ह फ्युअर डॉइचलांट’ या पक्षाला सॅक्सनीत 27 टक्के मते मिळाली आणि टिलिख यांचा पक्ष 26.9 टक्क्यांवर थांबला. एक दशांश टक्क्याचा हा पराभव त्यांनी स्वतःचा मानला. पुढच्याच महिन्यात पद सोडण्याची घोषणा करून डिसेंबरमध्ये त्यांनी मिखाएल क्रेत्श्मर यांच्याकडे सूत्रे दिली. खुर्चीला चिकटून राहण्याच्या काळात हा गुण नोंदविलाच पाहिजे.

कोळसा आणि गाव

2018 मध्ये केंद्र सरकारने कोळशाचे भवितव्य ठरविण्यासाठी आयोग नेमला आणि त्याच्या चार अध्यक्षांपैकी एक टिलिख होते. जानेवारी 2019 मध्ये आयोगाने 2038 पर्यंत कोळशावरील वीज बंद करावी आणि कोळसा प्रदेशांना वीस वर्षांत 40 अब्ज युरो द्यावेत, अशी शिफारस केली. खाणींनी ज्यांची गावे नेली त्या समाजाचा पुत्र खाणी मिटविण्याच्या कागदावर सही करतो, यात एक प्रकारचा न्याय दिसतो. पण तो न्याय अपुराच ठरला. अहवालानंतर दोनच महिन्यांत म्युलरोझ या जुन्या सोर्ब गावाच्या स्थलांतराचा करार झाला. त्याच वर्षी टिलिख दुसऱ्या प्रदेशातील एका कोळसा कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळावर अध्यक्ष म्हणून गेले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या.

टिलिख यांना नायक किंवा खलनायक ठरविण्याची आवश्यकता नाही. त्यांच्या यशाने सोर्ब मुलांना एक गोष्ट निश्चित दिली: आपली भाषा बोलणारा माणूस कोठेही पोहोचू शकतो, हा आत्मविश्वास. मात्र समाजाचा एक माणूस शिखरावर पोहोचला की समाजाचे रक्षण आपोआप होते, हा भ्रम त्यांच्याच कारकिर्दीने दूर केला. राज्यकर्त्याला सर्वांचा हिशेब सांभाळावा लागतो आणि त्या हिशेबात सतरा ही संख्या नेहमीच वीसपेक्षा लहान असते.

म्हणूनच 1998 पासून ‘विताय’ या नावाने सोर्ब बालवाड्या सुरू झाल्या, हे अधिक महत्त्वाचे आहे. ‘विताय’ म्हणजे स्वागत. ज्या घरांतून भाषा नाहीशी झाली होती, त्या घरांतील मुलेही तेथे दिवसभर सोर्ब ऐकतात आणि बोलू लागतात. मुख्यमंत्री बदलतात, आयोगांचे अहवाल कपाटात जातात. आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते आणि बाप त्याला कोणत्या शाळेत घालतो, यावर पुढच्या शतकाचा निकाल लागतो. ‘आम्ही दोघे’ यासाठीचा तो वेगळा शब्द जिवंत ठेवायचा, तर तो उच्चारणारी दोन माणसे प्रत्येक घरात असावी लागतात. तेवढे काम कोणत्याही खुर्चीला करता येत नाही.