प्रोग ऐकायला अक्कल लागत नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तेही आपल्याच गोतावळ्याशी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटल ऐकणाऱ्यांशी. (नातेवाईक वाचकांसाठी: प्रोग म्हणजे रॉकमधला तो प्रकार, ज्यात गाणी लांबलचक, ताल वेडेवाकडे आणि बऱ्याचदा अख्ख्या अल्बमभर एकच गोष्ट चाललेली असते. आई, तू ज्याला 'भांडी पडल्यासारखं' म्हणतेस ना, तेच ते.)

कुणी नवखा माणूस विचारतो, "यातलं काय ऐकू?" आपली उत्तरं दोनच. पहिला गडी छाती फुगवून टूलचा 'लॅटरॅलस' (2001) पुढे करतो आणि गाणं लावायच्या आधी तास घ्यायला लागतो. शीर्षकगीतात अक्षरांची संख्या फिबोनाचीच्या क्रमाने 1, 1, 2, 3, 5, 8 अशी चढते, ठेका 9, 8, 7 असा उतरतो, वगैरे. माहिती खरी आहे. (आणि गणितच काढायचं तर लघु-गुरूंच्या मांडण्या मोजताना हेमचंद्राचार्यांनी 12व्या शतकातच हे आकडे लिहून ठेवलेत, हेही सांगा की!) पण पंगतीला बसलेल्या माणसाला कुणी आधी आमटीचं रसायनशास्त्र सांगतं का?

दुसरा गडी दयाळू. "तुला एकदम झेपणार नाही, आधी हे सोपं ऐक" म्हणत एखादं चार मिनिटांचं गुळगुळीत गाणं पाठवतो. मला या दयेचाच जास्त राग येतो.

झेपणार नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? आमच्या तिसगावकडचा माणूस घ्या. पाथर्डी तालुक्यात सप्ताह बसला की हाच माणूस मांडवात मांडी घालून दोन-दोन तास कीर्तन ऐकतो. बुवा एकच अभंग घेतात, त्याचं एक चरण धरून कुठच्या कुठे जाऊन येतात, दृष्टांत, मध्येच गजर, पुन्हा त्याच चरणावर. हा कन्सेप्ट अल्बम नाही तर काय आहे? त्यापुढे 12 मिनिटांचं गाणं म्हणजे नुसती प्रस्तावना. तालाचं म्हणाल तर रूपक 7 मात्रांचा, झपताल 10 मात्रांचा. रूपकात तर समेवरच खाली येते. यातलं काहीही मोजता न येणारी माणसं त्यावर बरोबर माना डोलावत असतात. आणि आवाजाची भीती? मढीला कानिफनाथांच्या यात्रेत ढोल-हलगीशेजारी उभं राहिलेल्याला कसली डिस्टॉर्शनची भीती घालता!

पूर्वी निदान सबब होती. 2009 च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोत वाजवून गेले, तेव्हा हे संगीत शहरातल्या हॉस्टेलांमधून हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरायचं. आमच्याकडे यायचं ते कुणी पुण्याहून सीडी कॉपी करून आणली तर. आता तिसगावच्या स्टॅंडवर पाथर्डीच्या गाडीची वाट बघणाऱ्या पोराच्या फोनमध्येही सगळं आहे. 2019 पर्यंत स्ट्रीमिंगला नकार देणारं टूलसुद्धा आहे. मग अडतं कुठे? शिफारस करणाऱ्याच्या नाकात! आपण हे संगीत म्हणजे प्रवेश परीक्षा करून ठेवली आहे. एखाद्याला आवडलं नाही तर "त्याला कळलं नाही" म्हणायची सोय, आणि आवडलं तर आपला क्लब थोडा कमी खास होण्याचं दुःख.

तर माझं म्हणणं असं. सोपं गाणं देऊ नका, अख्खा अल्बम द्या. आणि तो देताना ताल सांगू नका, गोष्ट सांगा.

स्टीव्हन विल्सनचा 'हॅण्ड. कॅनॉट. इरेज.' (2015) घ्या. लंडनमध्ये जॉयस व्हिन्सेंट नावाची बाई आपल्या फ्लॅटमध्ये वारली आणि ते दोन वर्षांहून जास्त काळ कुणाला कळलंच नाही. 2006 मध्ये दार फोडलं तेव्हा टीव्ही चालूच होता. तिला घरचे होते, बहिणी होत्या. या बातमीवरून सुचलेला हा अल्बम, शहरात हळूहळू दिसेनाशा होत जाणाऱ्या एका बाईचा. आमच्याकडे एखाद्याचं दार सकाळी नऊपर्यंत उघडलं नाही तर चार माणसं कडी वाजवायला येतात. पण आता घरटी एक पोरगा पुण्यात, नाहीतर चाकणला, वन बीएचकेत एकटा राहतो. त्याला हा अल्बम समजायला कोणतं संगीतशास्त्र लागणार आहे? मी माझ्या एका चुलतभावाला एवढंच सांगून दिला. त्याने आयुष्यात प्रोग ऐकलं नव्हतं. पूर्ण ऐकून रात्री साडेअकराला फोन केला आणि संगीताबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, "दादा, काकू झोपली का रे?"

किंवा ड्रीम थिएटरचा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' (1999). लोक त्यातल्या सोलोंचा वेग सांगत बसतात. अहो, तो पुनर्जन्माचा सिनेमा आहे! संमोहनात एका माणसाला मागच्या जन्मीचा खून दिसायला लागतो. 'मधुमती' आणि 'कर्ज' पाहिलेल्या माणसांना हे तुम्ही समजावून सांगणार?

इंग्रजीची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. शब्द कळले नाहीत तर गोष्टीचा अर्धा जीव जातो. मुंबईच्या कोशिशचा 'फिरदौस' (2013) हिंदीत आहे आणि तोही कन्सेप्ट अल्बमच. अशा शिफारशीत त्याचं नाव अभावानेच दिसतं, याचं कारण तुम्हीच शोधा. इंग्रजी अल्बम देताना गाण्यांचा सारांश मराठीत लिहून पाठवा. मी पाठवतो, तासाभराचं काम असतं.

राहिलं घशातून गुरगुरणं. त्यावर माझी जबरदस्ती नाही. ओपेथचा 'डॅम्नेशन' (2003) त्याच्याशिवायचा आहे, 43 मिनिटांचा, मेलोट्रॉनचा, उदास आणि सुंदर. पण तो 'नवशिक्यांसाठी' म्हणून देऊ नका. तो बॅंडने 'डिलिव्हरन्स' (2002) या आपल्या अत्यंत जड अल्बमबरोबरच रेकॉर्ड केलेला आहे. दोन्ही एकदमच पाठवा आणि कोणता आधी लावायचा ते ऐकणाऱ्याला ठरवू द्या. माझ्या आत्याने जडवाला आधी लावला. म्हणाली, "अंगात आल्यासारखा ओरडतोय, पण मधूनच किती गोड गातो मेला."