अडकित्त्याने तोडलेली गोळी

दिवाळीच्या अंकात औषधाचा विषय काढतो म्हणून वाचकांनी कपाळाला आठी घालू नये. चकलीकडे निघालेला हात घटकाभर थांबवावा, एवढेच मागणे.

आमच्या हट्ट्याच्या शाळेत माझ्या वर्गातल्या एका मुलीला फेफरे येते. डॉक्टरांनी पाव गोळी सांगितली आहे. तिची आई ती अडकित्त्याने तोडते! एक फोड मोठी, एक लहान, उरलेला भुगा पदरात. पोरीच्या पोटात नेमके किती औषध गेले, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

आणि शहरातले शहाणे म्हणतात, औषधे छापणारे यंत्र हे श्रीमंत देशांचे खेळणे. खेड्याला ते कशाला? अहो, खेड्यालाच हवे!

रांगोळीसारखा भुकटीचा पातळ थर पसरायचा, नेमक्या जागी द्रवाचे थेंब सोडायचे, की तेवढी भुकटी चिकटते. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. दाबून घट्ट केलेली नसल्यामुळे ही गोळी पाण्याच्या घोटाबरोबर विरते. अमेरिकेने २०१५ साली मान्य केलेली पहिली छापील गोळी फेफऱ्यावरचीच. पण गंमत पाहा, ती निघाली कारखान्यातून, २५०, ५००, ७५० आणि १००० मिलिग्रॅम अशा ठरीव मापांत! शिंप्याला घरी बोलावून त्याच्याकडून तयार सदरेच घेतल्यासारखे झाले. खरे काम केले ते स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला इथल्या रुग्णालयाने. एका दुर्मिळ जन्मजात विकाराच्या मुलांसाठी ज्याच्या त्याच्या मापाची, चघळायची गोळी त्यांनी तिथेच छापली. २०१९ साली ती हकीकत प्रसिद्ध झाली. मुले मोजकीच होती, हे मान्य.

आमचे जुने वैद्य पुडी बांधताना रोग्याकडे पाहत. कंपाउंडर बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. त्यांच्या अंदाजाचे गोडवे मी गाणार नाही. परंतु माणूस पाहून मात्रा ठरवायची, ही रीत कारखान्याच्या पाकिटाने मोडली.

कुणी म्हणेल, पातळ औषध द्या की! मिळते तिथे जरूर द्यावे. पण प्रत्येक औषध पातळ मिळत नाही, आणि आमच्या घरांत दोन चमचे सारखे नसतात. काही गोळ्या तर तोडायच्याच नसतात. तोडल्या की दिवसभर पुरायचे औषध एकदम अंगात उतरते.

यंत्राला तपासणी हवी, शिकलेला औषधनिर्माता हवा, कायद्याचा धाक हवा, सारे कबूल. पण ते येईल तेव्हा पुण्यामुंबईच्या काचेच्या इस्पितळांत आधी बसवू नका. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात बसवा, आम्ही एस.टी.ने येऊ.

परवा त्या माऊलीने मला विचारले, "गुरुजी, पदरातला भुगा पण द्यायचा का?" मी मॅट्रिक झालेला मास्तर. डॉक्टरांना विचारा, म्हणालो, आणि फळ्याकडे वळलो.