रक्तपिशाच आणि खातेवही

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव आहे. तेथल्या तरुणाला हॉलिवूडचा चित्रपट पाहण्यासाठी आता वणी किंवा यवतमाळ गाठावे लागत नाही. रक्तपिशाच आणि लांडगे-माणसे यांच्या झुंजींनी भरलेले, हिंदी बोलणारे चित्रपट त्याच्या खिशातल्या मोबाइलवर हजर असतात. यावर पुरोगामी कार्यकर्त्याचे उत्तर ठरलेले असते: ही अमेरिकी भांडवलशाहीने धाडलेली अफू आहे, तरुणांनी ती टाकून द्यावी. एवढे बोलून तो हात झटकतो आणि सभेला निघतो. सभेत मात्र त्याच्याच तोंडी 'रक्तपिपासू सावकार' आणि 'रक्तशोषक भांडवलदार' हे शब्द येतात. ज्या भुताला तो पडद्यावरून हाकलू पाहतो, ते त्याच्याच व्यासपीठावर ठाण मांडून बसले आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

म्हणून त्या चित्रपटांकडे एकदा नीट पाहिले पाहिजे. 'अंडरवर्ल्ड' हा लेन वाइजमन दिग्दर्शित चित्रपट २००३ साली आला. त्याचे पुढचे-मागचे भागही निघाले. त्यातले रक्तपिशाच वाड्यात राहतात, उंची वस्त्रे नेसतात, वंशावळी जपतात. लांडगे-माणसे तळघरात आणि भुयारात राहतात. हे दोन वर्ग का लढतात, याचा उलगडा २००९ च्या भागात होतो. लांडगे-माणसे ही मुळात रक्तपिशाचांची गुलाम आहेत. पिशाचांना ऊन सोसत नाही, म्हणून दिवसाचा पहारा गुलामांनी करायचा. गुलामाने लांडग्याचे रूप घेऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात आतून चांदीचे काटे असलेला पट्टा अडकवलेला असतो. ल्युशियन नावाच्या गुलामावर धन्याच्या मुलीचे प्रेम जडते, ती गरोदर राहते, आणि बाप तिला उन्हात बांधून जाळतो. कुळाच्या शुद्धतेसाठी पोटच्या मुलीचा जीव घेणारा बाप महाराष्ट्राला अनोळखी नाही. मुकुटबनच्या तरुणाला ही कथा परकी वाटत नाही, याचे कारण त्याच्या बुद्धीच्या दोषात शोधण्याचे प्रयोजन नाही. कथेचा पूर्वार्ध खराच आहे.

खोटेपणा येतो तो उत्तरार्धात. गुलामांचे बंड ही ज्या कथेची सुरुवात, तिचा शेवट रक्ताच्या गुणधर्मावर येतो. एका विशिष्ट पूर्वजाचे रक्त ज्याच्या अंगात आहे, तोच दोन्ही कुळांचा संकर होऊन सर्वांहून बलवान ठरतो. गुलामांचा पुढारी ल्युशियन गोळी लागून मरतो. जुलमी धन्याचा वध होतो तो धन्याच्याच घरात वाढलेल्या नायिकेच्या तलवारीने. गुलामांनी केलेल्या संघटनेचे काय झाले, हे विचारायला कोणी उरत नाही. शोषणाचे भांडण अशा रीतीने कुळाचे भांडण होते. ही युक्ती हॉलिवूडची एकट्याची नव्हे. मजुरीचा प्रश्न निघाला की जातीचा प्रश्न पुढे करायचा, हे या देशातल्या सत्ताधाऱ्यांना कोणी शिकवावे लागलेले नाही.

तथापि हाच दोष व्यासपीठावरच्या भाषणातही आहे, हे कबूल करण्याची वेळ आली आहे. सावकाराला पिशाच म्हटले की तो जन्मतःच दुष्ट ठरतो. मग त्याचा नायनाट करणारा कोणी वीर हवा, एवढेच श्रोत्याच्या मनात राहते. टाळ्या पडतात, सभा संपते, आणि दुसऱ्या दिवशी श्रोता त्याच सावकाराच्या पायरीवर उभा असतो, कारण पेरणी थांबत नाही आणि बँकेचे दार उघडलेले नसते.

कोणी म्हणेल, खुद्द मार्क्सनेही हीच उपमा वापरली होती. होय, वापरली होती. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावरील प्रकरणात त्याने भांडवलाला रक्तपिशाचाची उपमा दिली आणि जादा श्रमाच्या त्याच्या भुकेला लांडगे-माणसाची. पण उपमा एका ओळीची आहे. तिच्या मागेपुढे पानेच्या पाने सरकारी अहवालांनी भरली आहेत: पाव भाजणारे कामगार किती तास राबतात, मुलांना किती वाजता उठवतात, जेवणाच्या सुटीतली मिनिटे कशी चोरली जातात. अनुयायांनी उपमा उचलली आणि अहवाल मागे ठेवले.

मुकुटबनच्या परिसराला अशा अहवालाची गरज आहे. येथे जमिनीवर कापूस आहे, जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा आहे. २०२२ साली येथे बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. याच तालुक्यात सरकारदरबारी आदिम म्हणून नोंदलेल्या कोलामांचे पोड आहेत. आणि जंगलात खरीखुरी हिंस्र श्वापदेही आहेत. टी-१ म्हणजेच अवनी या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. जिल्ह्याच्या राळेगाव भागात तिला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालण्यात आली. तिच्या मागे सरकारने नेमबाज, कॅमेरे आणि वनखात्याची पथके लावली, वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गाभण वाघीण गुहेत मारलेली आढळली. तिचे पंजे कापून नेलेले होते.

वाघाने मारलेल्या माणसाचे दुःख कमी लेखण्याचे कारण नाही. गुरे राखायला आणि पीक राखायला जंगलाच्या कडेला जातो तो गरीबच. पण त्याच जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो इस्पितळात पडले. त्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९८६ साली पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली होती. तेव्हापासून आत्महत्यांची मोजदाद थांबलेली नाही. या मृत्यूंमागे कोणते श्वापद धावले? येथे नेमबाजाला नेम धरण्यासाठी देहच नाही. पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराला मुखवटा का मिळाला नाही, औषध उधारीवर कोणी दिले, त्या उधारीची फेड कोणत्या भावाच्या कापसातून झाली, हे सारे कोठेतरी कागदावर मांडलेले आहे. ज्याचा जीव गेला त्याला ते वाचता आले नाही, एवढेच.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे एकदा उमगले होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, आणि ते लोण आजूबाजूच्या गावांत पसरले. त्यांचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता. त्यांनी खातेवह्या आणि कर्जरोखे मागितले आणि चव्हाट्यावर जाळले. धन्याच्या छातीत सुरा खुपसला तर त्याचा मुलगा तीच वही पुढे चालवील, हे त्या निरक्षर माणसांना कळत होते. १८७९ साली इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला तो या कागदांच्या होळीमुळे.

आज वह्या जाळण्याचे प्रयोजन नाही, त्या उघडण्याचे आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचे नियमन करणारा कायदा आहे, आणि अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देवविण्याची तरतूद त्यात आहे. कोणत्या गावात परवाना नसलेला कोण व्याजाने पैसे देतो, कोणाचा सातबारा कोणाच्या पेटीत आहे, कापसाच्या वजनात कडता किती धरला, खाण वा कारखाना कोणताही असो, कंत्राटी मजुराची हजेरी किती दिवसांची लागली आणि भविष्यनिर्वाह निधी किती दिवसांचा भरला, ही माहिती गोळा करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. ते भाषणाहून कंटाळवाणे आहे, आणि त्यात टाळ्या नाहीत.

त्यासाठी मुकुटबनच्या तरुणाच्या हातातून मोबाइल काढून घ्यावा लागत नाही. त्याच्या शेजारी बसून तो चित्रपट पाहावा. ल्युशियनच्या गळ्यातला पट्टा त्याला दिसतो, काटे आतल्या बाजूने आहेत हेही दिसते. चित्रपट संपल्यावर त्याला त्याच्या बापाच्या नावावरचा कर्जाचा कागद आणायला सांगावे, आणि दोघांनी मिळून तो पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यावा.